गोठलेल्या काचेत अडकलेले इलेक्ट्रॉन: द्राव निवडण्यापासून नळी उघडेपर्यंत

‘सर, किरण देऊन आणले, पण नमुना निळा झालाच नाही.’ कोल्हापुरातल्या एमएस्सी आणि पीएचडीच्या मुलांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मी गॅमा किरणांच्या सोर्सबद्दल विचारतच नाही. विचारतो ते एवढंच: द्राव कुठला, हवा कशी काढली, नळी कशाची आणि अंधार कधीपासून पाळला? दहातल्या आठ वेळा चूक किरण देण्याआधीच झालेली असते. उरलेल्या दोन वेळा ती परतीच्या वाटेवर किंवा वर्णपट घेताना झालेली असते. गॅमा चेंबर, म्हणजे किरण देणारं यंत्र, बिचारा आपलं काम नीट करतो.

घडतं काय, ते दोन ओळींत. ७७ केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, काचेसारख्या गोठलेल्या द्रावणातून गॅमा किरण गेले की रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. बरेचसे लगेच आपल्या धन आयनाकडे परत जातात. काही मात्र रेणूंच्या मधल्या खळग्यात अडकतात आणि त्या थंडीत तिथेच बसून राहतात. हे अडकलेले इलेक्ट्रॉन प्रकाश शोषतात, नमुन्याला रंग येतो तो त्यामुळेच. त्यांना उठवायला तीन गोष्टी पुरतात: थोडी ऊब, थोडा उजेड आणि आधीपासून द्रावात असलेला कुणी इलेक्ट्रॉन-चोर. खालचे सगळे टप्पे या तिघांना दूर ठेवण्यासाठी आहेत.

टप्पा १: आधी यंत्र बघा, मग द्राव निवडा

मुलं नेमकं उलट करतात. कुठल्यातरी शोधनिबंधात टू-मेथिलटेट्राहायड्रोफ्युरान, म्हणजे एमटीएचएफ, वाचतात आणि मागवून मोकळी होतात. एमटीएचएफ काच छान होते, त्यात शंका नाही. पण त्यातल्या अडकलेल्या इलेक्ट्रॉनचं शोषण-शिखर १,२०० नॅनोमीटरच्या आसपास येतं. आपल्याकडचा नेहमीचा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला ते मोजणारं यंत्र, ११०० नॅनोमीटरला संपतो. म्हणजे डोंगराची एक उतरण दिसणार आणि माथा कधीच नाही. मग ‘शिखर मिळत नाही’ म्हणून दोन महिने वाया.

म्हणून आधी यंत्राची तरंगलांबी, मग द्राव:

- दहा मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचं पाण्यातलं द्रावण, म्हणजे अल्कलाइन आइस: शिखर साधारण ५८५ नॅनोमीटरला. रंग गडद निळा. साध्या यंत्रावर उत्तम दिसतं आणि बराच काळ टिकतं.
- इथेनॉल: ५४० नॅनोमीटरच्या आसपास, रंग जांभळा. काच होण्याचं तापमान साधारण ९७ केल्विन.
- मेथॅनॉल: ५२५ नॅनोमीटरच्या आसपास. शुद्ध मेथॅनॉल सहज स्फटिक होतं, म्हणून त्यात थोडं पाणी लागतं.
- एमटीएचएफ: निअर-इन्फ्रारेडपर्यंत जाणारं यंत्र असेल तरच. काच होण्याचं तापमान साधारण ९१ केल्विन.
- थ्री-मेथिलपेंटेन: शिखर १,६०० नॅनोमीटरच्याही पुढे, डोळ्याला जवळपास काही दिसत नाही. शिवाय काच होण्याचं तापमानच ७७ केल्विनच्या आसपास. म्हणजे नायट्रोजनमध्ये बुडवलेली असूनही ही काच जेमतेम घट्ट असते आणि इलेक्ट्रॉन मिनिटांच्या हिशोबात ओसरू लागतात.

हा शेवटचा मुद्दा कोल्हापूरकरांसाठी निर्णायक आहे. सोर्स मुंबईत आणि मोजमाप इथे, असं असेल तर मध्ये पावणेचारशे किलोमीटर रस्ता आहे. थ्री-मेथिलपेंटेन घेऊन तो रस्ता कापण्यात काही अर्थ नाही. किणी टोलनाक्याचं नाव काढायची वेळ येणार नाही, कारण पनवेललाच नमुना रिकामा होईल. ज्याच्या इमारतीत सोर्स आहे, त्यानेच तो द्राव वापरावा. पहिल्यांदाच करणाऱ्याने माझं ऐकावं आणि अल्कलाइन आइस घ्यावं. स्वस्त आहे, ज्वालाग्राही नाही, आणि चुका माफ करतं.

टप्पा २: द्राव शुद्ध करणे

अल्कलाइन आइससाठी एका लिटरला ४०० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. दाणे पाण्यात टाकायचे, दाण्यांवर पाणी ओतायचं नाही. भांडं बर्फात ठेवून थोडे थोडे टाका. द्रावण उकळी फुटेल इतकं तापतं. डबा नवा फोडलेला असावा. महिनाभर उघड्या राहिलेल्या डब्यातले दाणे हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन वरून पांढरे पडलेले असतात, तो कार्बोनेट द्रावणात येतो. पाणी साधं डिस्टिल्ड नको, दोन-तीनदा ऊर्ध्वपातन केलेलं किंवा चांगल्या शुद्धीकरण यंत्रातलं घ्या. आणि द्रावण काचेच्या बाटलीत साठवू नका. इतका तीव्र अल्कली काच खातो आणि सिलिकेट द्रावणात मिसळतो. पॉलिथिनची किंवा टेफ्लॉनची बाटली घ्या.

एमटीएचएफला जास्त काळजी लागते. बाजारात मिळणाऱ्या बाटलीत पेरॉक्साइड होऊ नये म्हणून बीएचटी नावाचं स्थिरक घातलेलं असतं. ते काढल्याशिवाय प्रयोग स्वच्छ होत नाही, आणि ते काढलं की पेरॉक्साइड पुन्हा व्हायला मोकळा. त्यामुळे ऊर्ध्वपातन केलेला द्राव त्याच आठवड्यात संपवायचा, पुढच्या सेमिस्टरसाठी राखायचा नाही. क्रम असा: पेरॉक्साइडची चाचणी, ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाच्या स्तंभातून गाळणे, कॅल्शियम हायड्राइडवर सुकवणे, मग नायट्रोजनच्या वातावरणात ऊर्ध्वपातन. एमटीएचएफ ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. सोडियम-पोटॅशियम मिश्रधातूवर सुकवण्याची पद्धत जुन्या लेखांत दिसेल. शेजारी जाणता माणूस नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

> सावधान: चाचणीत पेरॉक्साइड दिसला तर ऊर्ध्वपातन करायचंच नाही. नसला तरी फ्लास्क कोरडा होईपर्यंत उकळू नका, तळाशी पाचवा हिस्सा राहू द्या. पेरॉक्साइड तळाशीच साठतो आणि कोरडा झाला की फुटतो.

> तपासणी: ॲसेटिक ॲसिडमधल्या पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात द्रावाचे काही थेंब टाका. पिवळा-तपकिरी रंग आला तर पेरॉक्साइड आहे.

पेरॉक्साइडचं दुसरं दुखणं रसायनाचं आहे. तो इलेक्ट्रॉन हावरटपणे घेतो. म्हणजे धोका टळला तरी प्रयोग बसतोच.

टप्पा ३: नळी आणि सेल

साधी बोरोसिलिकेट नळी गॅमा किरणांत तपकिरी पडते. नवखा माणूस तो रंग नमुन्याचा समजतो आणि वहीत आनंदाने लिहून ठेवतो. नैसर्गिक क्वार्ट्झसुद्धा त्यातल्या ॲल्युमिनियमसारख्या अशुद्धींमुळे धुरकट होतं. घ्यायचं ते कृत्रिम, उच्च शुद्धतेचं सिलिका. सुप्रासिल या नावाने ते मागतात. तेही अगदी निर्दोष राहत नाही: अतिनीलमध्ये २१५ नॅनोमीटरच्या आसपास शोषण येतं आणि ईएसआरमध्ये (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात एकटे इलेक्ट्रॉन ओळखण्याची पद्धत) स्वतःचा एक संकेत येतो. तो कसा घालवायचा हे टप्पा ९ मध्ये.

प्रकाशीय मोजमापाला सपाट, १ मिलिमीटर जाडीचा सेल घ्या. मुलं हमखास १ सेंटिमीटरचा घेतात, कारण तोच कपाटात असतो. तो का नको, हे टप्पा ६ मधल्या किरणांच्या मात्रेच्या हिशोबात दिसेल. आणखी एक कारण आहे: जाड थर गोठताना हमखास तडकतो, पातळ थर सहसा टिकतो.

सिलिकाची नळी सील करायला गॅसचा साधा बर्नर पुरत नाही, ऑक्सिजन जोडलेली ज्योत लागते. विद्यापीठात काच फुंकणारा माणूस रजेवर असताना आमच्या एका विद्यार्थ्याने गुजरीतल्या सोनाराकडे जाऊन रिकाम्या नळ्यांवर हात बसवून घेतला होता. सोनार हसला, पण ज्योत कशी धरायची हे त्याने त्याला आमच्यापेक्षा चांगलं शिकवलं. मात्र द्राव भरलेली नळी सील करायची ती प्रयोगशाळेतच: द्राव गोठवून, नळी व्हॅक्यूमला जोडलेली असताना.

टप्पा ४: हवा काढणे

विरघळलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन सुपरऑक्साइड होतो. सेंद्रिय द्रावांत ऑक्सिजन पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो, म्हणून एमटीएचएफ आणि अल्कोहोलसाठी हा टप्पा अटळ. गोठवा, पंपाने खेचा, पंपाची कळ बंद करा, वितळवा. वितळताना बुडबुडे उठतात, ती आतली हवा. असं चार-पाचदा. बुडबुडे उठायचे थांबले आणि गोठलेल्या अवस्थेत पंप जोडल्यावर दाबमापकाचा काटा हलला नाही की झालं.

यातल्या हमखास चुका:

नळी एक तृतीयांशापेक्षा जास्त भरणे. वितळताना द्राव उसळून थेट व्हॅक्यूम लाइनमध्ये जातो, आणि मग लाइन धुण्यात दिवस जातो.

खालून वितळवणे. वरचा भाग घट्ट आणि खालचा पातळ, अशाने नळी फुटते. कोमट पाण्याचं भांडं वरच्या बाजूपासून लावत खाली आणा.

अल्कलाइन द्रावणाला हीच पद्धत लावणे. पाण्याचं प्रमाण जास्त असलेली द्रावणं दरवेळी गोठताना नळीवर ताण देतात, आणि सिलिकाची नळी काही स्वस्त नसते. त्यापेक्षा द्रावणातून अर्धा तास शुद्ध आर्गॉन किंवा नायट्रोजन बुडबुडवा. इतक्या तीव्र अल्कलीत ऑक्सिजन मुळातच फार कमी विरघळतो, त्यामुळे एवढं पुरतं.

> सावधान: पंपासमोरच्या थंड सापळ्यात फिकट निळा द्रव जमलेला दिसला तर तो द्रव ऑक्सिजन आहे. लाइन कुठेतरी हवा खेचतेय. त्यात सेंद्रिय वाफ मिसळलेली असू शकते, आणि हे मिश्रण स्फोटक आहे. सापळा बंद करून गरम होऊ द्यायचा नाही. नायट्रोजनचं भांडं जागेवरच ठेवा, सगळ्यांना बाजूला करा आणि जबाबदार माणसाला बोलवा.

इलेक्ट्रॉन पकडणारा पदार्थ मुद्दाम घालायचा असेल, उदाहरणार्थ बायफिनाइल, तर तो हवा काढण्याआधी घालायचा. ०.०१ ते ०.१ मोलर पुरे. प्रत्येक मालिकेत एक नमुना काहीही न घातलेला हवाच. तो नसेल तर बाकीच्या नमुन्यांचे आकडे कशाशी ताडणार?

टप्पा ५: गोठवणे

सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त इथेच बिघडतो.

काच हवी, स्फटिक नको. स्फटिकात रेणू नीटनेटके रांगेत बसतात, इलेक्ट्रॉन अडकायला खळगे उरत नाहीत. साध्या पाण्याच्या बर्फात ७७ केल्विनला अडकलेले इलेक्ट्रॉन म्हणूनच फार थोडे मिळतात. इथेनॉल सावकाश थंड केलं तर स्फटिकाकडे झुकतं, म्हणून ते झटकन बुडवायचं. एमटीएचएफ उलट: ते काच सहज होतं, पण झटकन बुडवलं तर तडे जातात. त्यासाठी सेल आधी नायट्रोजनच्या पृष्ठभागावरच्या थंड वाफेत मिनिटभर धरा, मग हळूहळू खाली सोडा.

अल्कलाइन आइससाठी मणी करा. छोट्या ड्युअरमध्ये (दुहेरी भिंतीच्या थर्मासारख्या भांड्यात) नायट्रोजन घ्या आणि ड्रॉपरने द्रावणाचा एकेक थेंब सोडा. थेंब आधी पृष्ठभागावर तव्यावरच्या पाण्यासारखा नाचतो, थंड झाला की बुडतो. चांगला मणी काचेच्या गोटीसारखा पारदर्शक दिसतो. मणी आधीच थंड केलेल्या चिमट्याने उचलून थंड नळीत भरायचे. ईएसआरला मणी उत्तम. प्रकाशीय मोजमापाला मात्र सपाट सेलच लागतो.

> तपासणी: गोठवलेला सेल काळ्या कागदासमोर धरून बाजूने टॉर्च मारा. स्वच्छ असेल तर पुढे जा. एक-दोन सरळ तडे असतील तर ईएसआरला चालेल, वर्णपटाला नाही. पांढुरकं धुकं दिसलं तर स्फटिक आहे: पूर्ण वितळवून पुन्हा गोठवा. टॉर्चची ही चैन किरण देण्याआधीच. नंतर नाही.

पावसाळ्यात, विशेषतः जुलैत, आपल्याकडची हवा इतकी दमट असते की उघड्या ड्युअरमध्ये तासाभरात बर्फाचा भुगा तरंगू लागतो. तो सेलला चिकटतो आणि वर्णपटात गोंधळ घालतो. नायट्रोजन गाळण्याच्या कागदातून गाळून घ्या, ड्युअरवर सैल झाकण ठेवा. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर काढा.

टप्पा ६: मात्रा ठरवणे आणि किरण देणे

‘जास्त दिलं की जास्त दिसेल’ हा समज काढून टाका. हिशोब करून बघू. एक किलोग्रे म्हणजे किलोमागे १,००० जूल. जी-मूल्य, म्हणजे दर १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे अडकलेले इलेक्ट्रॉन, अल्कलाइन आइसमध्ये ढोबळमानाने २ धरू. ते होतात जूलमागे ०.२१ मायक्रोमोल, किलोमागे २१० मायक्रोमोल. द्रावणाची घनता १.३३ धरली तर लिटरमागे ०.२८ मिलिमोल. शिखरावरचा मोलर शोषणांक २०,००० च्या आसपास. म्हणजे १ सेंटिमीटर सेलमध्ये शोषण ५.६ येईल! कुठलंच साधं यंत्र तिथे धड वाचत नाही. १ मिलिमीटर सेलमध्ये तेच ०.५६, अगदी हवं तसं. एक किलोग्रे आणि एक मिलिमीटर, ही जोडी लक्षात ठेवा. पन्नास किलोग्रे देऊन आणलेले नमुने मी पाहिलेत. त्यांचा वर्णपट वरून छाटलेल्या टेकडीसारखा होता, आणि तेवढ्या मात्रेला इलेक्ट्रॉनची संख्या मात्रेच्या प्रमाणात वाढतही नाही.

मात्रा मोजायला फ्रिक डोसिमीटर, म्हणजे किरणांत फेरसचं फेरिक होणारं द्रावण. त्यात १ मिलिमोलर फेरस अमोनियम सल्फेट, १ मिलिमोलर सोडियम क्लोराइड आणि ०.४ मोलर सल्फ्युरिक ॲसिड, हवेने संपृक्त. इथे हवा हवीच. टप्पा ४ च्या सवयीने आर्गॉन बुडबुडवू नका. शोषण ३०४ नॅनोमीटरला, फेरिकचं जी-मूल्य १५.५ च्या आसपास. वापर ४० ते ४०० ग्रे या पल्ल्यातच. म्हणजे किलोग्रेची मात्रा थेट मोजायची नाही, मात्रा-दर मोजायचा आणि वेळेने गुणायचा.

चूक होते ती जागेत. मात्रा-दर मोजला चेंबरच्या मध्यावर उघड्या नळीत, आणि नमुना ठेवला ड्युअरमध्ये, बाजूला. फ्रिकची नळी त्याच ड्युअरमध्ये, त्याच उंचीवर ठेवा. नायट्रोजन घातला तर फ्रिक गोठेल, म्हणून त्याऐवजी पाणी भरा. पाणी नायट्रोजनपेक्षा किरण थोडे जास्त अडवतं, पण उघड्या नळीच्या आकड्यापेक्षा हा आकडा खरा. शिवाय दहा मोलर अल्कलीत ग्रॅममागे इलेक्ट्रॉन पाण्यापेक्षा साधारण तीन टक्के कमी असतात, तेवढी मात्रा कमी धरा. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षं, म्हणजे महिन्याला एक टक्क्याहून थोडी जास्त घट. चेंबरवर चिकटवलेला मात्रा-दर कुठल्या तारखेचा आहे, ते बघूनच वापरा.

चेंबर चालवणं आपलं काम नाही, ते अधिकृत ऑपरेटरचं. आणि घरच्यांना समजावून सांगा: कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी नमुना किरणोत्सारी होत नाही. नळी हातात घेतल्याने काही होत नाही. थंडीने बोटं जळतील, तेवढंच.

> सावधान: चेंबरमध्ये जाणारा नायट्रोजन ताजा असावा. उघड्यावर राहिलेल्या नायट्रोजनमध्ये हवेतला ऑक्सिजन उतरत राहतो, आणि किरणांत त्याचा ओझोन होतो. नायट्रोजन उडून गेला की तळाशी ओझोन साठतो आणि तो फुटू शकतो. त्याच ड्युअरमध्ये वरून वरून नायट्रोजन घालत दिवसभर काम करू नका. मध्ये ड्युअर पूर्ण रिकामा करा, कोरडा करा, पुन्हा भरा. द्रव निळसर दिसला तर हात लावू नका.

टप्पा ७: परतीचा रस्ता

माझी पद्धत अशी: हवा काढलेले, सील केलेले नमुने साध्या तापमानाला घेऊन जा आणि सोर्सच्या ठिकाणीच गोठवा. थंडी सांभाळायची ती फक्त परत येताना.

परतीसाठी अरुंद गळ्याचा ॲल्युमिनियमचा कंटेनर लागतो. तो ओळखीचा वाटेल, कारण करवीर तालुक्यातल्या गावागावांत कृत्रिम रेतन करणारे मोटारसायकलला हाच बांधून फिरतात. त्यांचा एक नियम आपणही पाळायचा: कांडी गळ्याच्या वर काढायची नाही, काढलीच तर दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने वाटेत चहाला थांबल्यावर ‘निळा आहे का बघू’ म्हणून नळी उन्हात धरली. निळा होता. नंतर नव्हता.

कंटेनर एसटीत न्यायचा नाही. खासगी गाडीत नेला तर पट्ट्याने उभा बांधा आणि काचा उघड्या ठेवा, एसी लावून बंद गाडीत नाही. एक लिटर द्रव नायट्रोजनचा साधारण सातशे लिटर वायू होतो आणि तो गाडीतला ऑक्सिजन हटवतो. गुदमरणाऱ्याला आधी काही जाणवतही नाही. गळ्याचं बूच सैलच असू द्या.

वहीत तीन वेळा लिहा: किरण कधी संपले, कंटेनरमध्ये कधी टाकलं, मोजमाप कधी सुरू केलं. तुलना करायच्या सगळ्या नमुन्यांमध्ये हे अंतर सारखं हवं.

टप्पा ८: वर्णपट

इथून पुढे खोलीत अंधार. ट्यूबलाइट बंद, पडदे ओढलेले, दिवा लागलाच तर कोपऱ्यात अगदी मंद. फोटो काढण्यासाठी मोबाइलचा फ्लॅश मारणाऱ्याने आपला नमुना आपणच मारला असं समजावं.

यंत्र कुठल्या जातीचं आहे, ते आधी विचारा. डायोड-ॲरे यंत्रात सगळा पांढरा प्रकाश आधी नमुन्यातून जातो आणि मग विभागला जातो. म्हणजे मोजता मोजता इलेक्ट्रॉन उडून जातात. आपल्याला हवं ते जुन्या पद्धतीचं, मोनोक्रोमेटर (एकच तरंगलांबी निवडणारा भाग) नमुन्याच्या आधी असलेलं. इथे जुनं यंत्र नव्यापेक्षा चांगलं, हे खरेदी समितीला पटत नाही, पण खरं आहे.

> तपासणी: एकच वर्णपट लागोपाठ दोनदा घ्या. दुसऱ्यांदा शिखर खाली आलं तर यंत्राचा प्रकाशच नमुना खातोय. स्लिट (प्रकाशाची फट) अरुंद करा, स्कॅन जलद करा.

ड्युअरच्या खिडक्यांवर बाष्प धरतं. त्यांच्यावर कोरड्या नायट्रोजन वायूचा झोत सोडा. उकळत्या नायट्रोजनचे बुडबुडे प्रकाशाच्या वाटेत आले तर रेघ थरथरते. नायट्रोजनमधून हेलियम वायू हळू सोडला की द्रव थोडा आणखी थंड होतो आणि उकळणं थांबतं. हेलियम नसेल तर सेल अशा उंचीवर धरा की तळातून उठणारे बुडबुडे बाजूने जातील.

बेसलाइनचा प्रश्न मी असा सोडवतो: आधी अंधारात वर्णपट, मग सेल जागेवरून न हलवता प्रकाशाने इलेक्ट्रॉन पूर्ण घालवायचे, आणि पुन्हा वर्णपट. दोन्हींची वजाबाकी म्हणजे इलेक्ट्रॉनचा पट्टा. तडे, धुकं, सेलचं स्वतःचं शोषण, सगळं आपोआप वजा होतं. फक्त प्रकाशाने नवं काही रंगीत तयार होत नाही ना, ते बघा. बायफिनाइल घातलं असेल तर होतंच: इलेक्ट्रॉन सुटून त्याच्याकडे जातो आणि ४०० व ६५० नॅनोमीटरच्या आसपास त्याच्या ऋण आयनाचे पट्टे वर येतात. तिथे ही युक्ती चालणार नाही, पण तोच प्रयोगाचा गाभा असेल तर बिघडलं कुठे?

आपलं शिखर पुस्तकातल्यापेक्षा सरकलेलं दिसलं तर तापमान तपासा. इथेनॉलला ४ केल्विनला किरण दिले तर इलेक्ट्रॉनचं शोषण इन्फ्रारेडमध्ये येतं आणि ७७ केल्विनपर्यंत आणलं की दृश्य प्रकाशात सरकतं, कारण भोवतालचे रेणू वळून इलेक्ट्रॉनला घट्ट वेढतात. शिखराची जागा म्हणजे त्या खळग्याची खोली. नमुना मध्ये कधी उबला असेल तर वर्णपट ते सांगतो.

टप्पा ९: ईएसआर

अडकलेल्या इलेक्ट्रॉनची एकच रेघ येते, जी-मूल्य २.००२ च्या आसपास. (हे जी वेगळं, वरचं उत्पादनाचं जी-मूल्य वेगळं. तोंडी परीक्षेत निम्मी मुलं इथे अडखळतात.) एमटीएचएफमध्ये रेघ अरुंद, साधारण ४ गॉस, अल्कलाइन आइसमध्ये १४ गॉसच्या आसपास.

मोठी चूक मायक्रोवेव्ह पॉवरची. ही रेघ फार लवकर संपृक्त होते. ऑपरेटर सवयीने मिलिवॅटमध्ये पॉवर ठेवतो आणि रेघ चपटी, रुंद होते. मग तिच्यावरून काढलेली संख्या खोटी. मायक्रोवॅटपासून सुरुवात करा. पॉवर चौपट केली की रेघेची उंची दुप्पट झाली पाहिजे. झाली नाही तर तुम्ही संपृक्त भागात आहात. चुंबकीय क्षेत्राचं मॉड्युलेशन रेघेच्या रुंदीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी.

खाली इतर रेघा दिसतील. एमटीएचएफमध्ये द्रावापासूनच तयार झालेल्या रॅडिकलच्या अनेक रेघा, अल्कलाइन आइसमध्ये ऑक्सिजन ऋण आयनाचा तिरका संकेत, जी २.०७ च्या बाजूला. प्रकाश दाखवून इलेक्ट्रॉनची रेघ घालवा, उरलेलं वजा करा.

आता सिलिकाचा संकेत. मणी नळीच्या एका टोकाला ठेवून ते टोक नायट्रोजनमध्ये, आणि दुसरं रिकामं टोक ज्योतीत लाल करा. सिलिकातले दोष तापून बुजतात. मग ते टोक थंड करा, नळी उलटी करा, मणी घरंगळत स्वच्छ टोकाला येतात आणि तेच टोक ईएसआर यंत्राच्या कॅव्हिटीत, म्हणजे नमुना बसवायच्या पोकळीत, जातं. पण ज्योतीचा उजेडही उजेडच असतो: मण्यांची बाजू ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळल्याशिवाय बर्नर पेटवू नका.

प्रकाशीय आणि ईएसआर दोन्ही एकाच मालिकेत करायचं असेल तर दोन वेगळे नमुने घ्या, एकाच नळीवर भागवू नका.

टप्पा १०: उजेड, ऊब आणि नळी उघडणे

प्रकाशाने घालवताना टंगस्टनचा दिवा आणि योग्य फिल्टर वापरा, शिवाय मध्ये पाण्याचा थर ठेवा म्हणजे दिव्याची उष्णता नमुन्यापर्यंत जाणार नाही. एमटीएचएफमध्ये मात्र इन्फ्रारेडच कामाचा असतो आणि पाणी तो अडवतं, तिथे पाणी नको. दिवा लांब ठेवा, एक-एक मिनिटाने मोजा.

ऊब देऊन घालवायचं असेल तर नायट्रोजन काढून नमुना आपोआप गरम होऊ देणं ही पद्धत नव्हे. तापमान कुठल्या क्षणी किती होतं, ते कधीच कळत नाही. ताप-नियंत्रक नसेल तर हा भाग सोडून द्या. एक गंमत मात्र जरूर करा: बायफिनाइल असलेल्या सेंद्रिय काचेचा एक जादा नमुना पूर्ण अंधारात, डोळे सरावल्यावर, हळू वर काढा. काच मऊ होताना सुटलेले इलेक्ट्रॉन धन आयनांना भेटतात आणि नमुना काही क्षण स्वतःच उजळतो.

सील केलेली नळी शेवटी उघडताना चेहऱ्यावर ढाल हवीच. नळीला बारीक चीर असेल तर आत नायट्रोजन शिरलेला असतो आणि साध्या तापमानाला येताना ती फुटते. म्हणून नमुने नायट्रोजनमधून काढून जाड भिंतीच्या भांड्यात ठेवा, वर जाड कापड टाका आणि तासभर तिकडे फिरकू नका. किरणांनी थोडा वायूही तयार झालेला असतो, त्यामुळे पूर्ण गरम झालेली नळी पुन्हा एकदा नायट्रोजनमध्ये थंड करून, कापडात गुंडाळून मगच मान मोडा. अल्कलीचे मणी वितळल्यावर तोच तीव्र कॉस्टिक होतो, तेव्हा हातमोजे रबरी घाला. कापडी मोज्यातून तो थेट कातडीपर्यंत पोचतो.